लोकप्रियतेचा क्रमांक आणि सुपारीचा दर
(नेरूळ येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये हार्डवेल या डच डीजेचा जलसा झाला. मुंबईतील गरीब मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभारावा, हा हेतू होता. त्याविषयी माझी तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या नावामागील ‘जगात पहिला’ या बिरुदाविषयी. २०१३ व २०१४ या दोन वर्षी तो पहिला होता. नेरूळला येण्याआधीच, २०१५ च्या यादीत, तो दुसरा झाला. वर्षभरात त्याच्या हातातली कला का आटली होती?

हा क्रमांक ‘डीजे मॅग’ हे ब्रिटिश मासिक जनतेची मते घेऊन ठरविते. मताचे मोल आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु येथे मतदार कोण, त्याने कोणाकोणाचे वादन ऐकले, हे कोणी विचारीत नाही. उमेदवार स्वतःच मते मागत फिरतो, आणि प्रचाराला पैसा लागतो. ज्याला मते अधिक, त्याचा दर अधिक; ज्याचा दर अधिक, त्याचा पुढचा प्रचार मोठा. ही लोकशाही नव्हे, भांडवलाचे चक्रवाढ व्याज आहे.

गंमत अशी की, खरा पैसा या यादीला विचारीतही नाही. ‘फोर्ब्स’च्या हिशेबाने २०१४ मध्ये सर्वाधिक कमाई केल्व्हिन हॅरिसची होती, ६ कोटी ६० लाख डॉलर, आणि त्या वर्षीच्या ‘डीजे मॅग’च्या यादीत तो पहिल्या दहांतही नव्हता. मग यादी कोणाच्या उपयोगाची? ज्या आयोजकाने वादन ऐकलेलेच नाही, त्याच्या. प्रायोजकापुढे ठेवायला त्याला आकडा लागतो.

सुपारीची चाल आपल्याकडेही जुनी आहे. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, जत्रेसाठी फड ठरवितात. घासाघीस होते, लबाडीही होते; तो बाजारच आहे. पण पंचांनी तो फड कोठेतरी पाहिलेला असतो, आणि सुपारीतून सोंगाड्यापासून तंबू ठोकणाऱ्यापर्यंत सर्वांची पोटे भरायची असतात. तेथेही न्याय होतोच असे नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचे पदक मिळाले, लोकांनी डोक्यावर घेतले, आणि २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीतच. लोकप्रियता म्हणजे भाकरी नव्हे, हे आपण त्यांच्याकडून शिकायला हवे होते.

आता हीच रीत आपल्या गल्लीत आली आहे. घणसोली-कोपरखैरण्याच्या हळदीत बेंजो वाजविणाऱ्या, कर्ज काढून स्पीकर घेतलेल्या पोरांना हल्ली पहिला प्रश्न येतो: “फॉलोअर किती?” वाजवून दाखव, असे कोणी म्हणत नाही. ते आकडे विकत मिळतात, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपले कार्यकर्ते ज्या ज्या उत्सव मंडळांत आहेत, तेथे सुपारी ठरविण्यापूर्वी चार जणांनी जाऊन वादन ऐकावे. आणि ठरलेली रक्कम फळ्यावर लिहावी. वादकाची वर, आणि तिच्याखाली त्या रात्री स्पीकर उचलणाऱ्या हमालाची.