जुन्या मोटारीत विजेवरचा एसी



मार्च सरत आला की महाराष्ट्रात अनेक घरांपुढची एक गाडी कव्हरखाली जाते. कुठे प्रीमियर पद्मिनी, कुठे अँबॅसडर, कुठे सुरुवातीच्या काळातली मारुती. गाडीवर जीव असतो, पण दुपारी आत बसवत नाही. जून येतो, पाऊस लागतो, गाडी आणखी चार महिने तशीच उभी. आणि गाडी उभी राहूनच जास्त बिघडते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर बसतो, ब्रेकचे व्हील सिलिंडर गंजून अडकतात, बॅटरी बसते. जुनी गाडी टिकवायची तर ती रस्त्यावर फिरली पाहिजे, आणि उन्हाळ्यात ती फिरायची असेल तर आत थोडा गारवा हवा. म्हणून जुन्या गाडीला एसी बसवावा, अशा मताचा मी आहे. तो बसवायचा कसा, यावर आज बोलणार आहे.

उदाहरणाला पद्मिनीच घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसीची ही गाडी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. खाजगी मालकांकडे मात्र अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काही फार निगुतीने राखलेल्या आहेत. तिच्या इंजिनाची ताकद साधारण चाळीस अश्वशक्ती. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्यातली तीन-चार अश्वशक्ती घेतो. चौघांना घेऊन खंडाळ्याचा घाट चढताना एवढा भार तिला जाणवतोच. शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो. रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली येते, आणि मुळात काठावर असलेलं इंजिन उकळायला लागतं. ऐंशीच्या दशकात डॅशबोर्डखाली लटकवायचे एसी ज्यांनी बसवून घेतले होते, त्यांना घाटात एसी बंद करून काचा खाली करण्याचा प्रसंग आठवत असेल.

मोटारीतल्या एसीची सुरुवातही अशीच अडचणीची होती. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने 1939 साली पहिल्यांदा कारखान्यातून एसीची मोटार विकायला काढली. गार करणारी कॉइल डिकीत होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. पुढे क्लच आला आणि व्यवस्था सुधारली, पण कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्याला बांधलेलाच राहिला. ते बंधन मोठ्या प्रमाणावर सुटलं ते टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये, 2003 साली. सिग्नलला त्या गाडीचं इंजिन बंद होतं, तेव्हाही आत गार राहावं म्हणून तिला विजेवर चालणारा कॉम्प्रेसर दिला. तो चालतो दोनशे व्होल्टच्या मोठ्या बॅटरीवर. हे दोनशे व्होल्ट लक्षात ठेवा.

आता बाजारात 12 व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसर मिळतात. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल, होज असा सगळा संच येतो, आणि विकणारा सांगतो की पट्टा नको, पुली नको, बॅटरीला दोन वायरी जोडा. या दोन वायरींवरच मला सविस्तर बोलायचं आहे, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

हिशोब करू. भर उन्हात पद्मिनीएवढ्या गाडीत चौघं बसली, तर गाडी गार ठेवायला दोन ते अडीच किलोवॉट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. त्यात नुसत्या चार माणसांच्या अंगची उष्णता चारशे वॉटच्या आसपास. अशा संचात एक वॉट वीज खर्चून ढोबळमानाने दोन वॉट उष्णता बाहेर जाते. म्हणजे कॉम्प्रेसरला हजार ते बाराशे वॉट हवेत. दोनशे व्होल्टवर हे पाच-सहा अँपिअर झाले. बारा व्होल्टवर तेच ऐंशी ते शंभर अँपिअर होतात, आणि ब्लोअर व कंडेन्सरचा पंखा यांचे वेगळे. जुन्या गाड्यांतला डायनामो वीस-पंचवीस अँपिअर देतो, आणि पुढे अल्टरनेटर आला तोही तीस-चाळीसचाच. गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी स्टार्टरसाठी बनवलेली असते. तिच्यावर हा भार टाकला तर पाव-अर्ध्या तासात ती खाली येते, आणि असं चार-सहा वेळा झालं की कायमची जाते.

मग मोठा अल्टरनेटर बसवा, असा सल्ला मिळतो. शंभर अँपिअरचा मिळतोही. पण तो शंभर देतो ते इंजिन वेगात फिरत असताना. गाडी सिग्नलला उभी राहिली की त्याचं उत्पादन निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. म्हणजे दादरच्या कोंडीत, जिथे गारव्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच वीज कमी पडणार. आणखी एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. इंजिनाची ताकद आधी अल्टरनेटरमध्ये वीज होते, मग मोटरमध्ये पुन्हा फिरण्याची ताकद होते, आणि या दोन पायऱ्यांत जवळपास निम्मी वाया जाते. महामार्गावर रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला पट्ट्यावरचा एसीच स्वस्त पडतो. घाटात इंजिन वाचवायला म्हणून विजेचा एसी घ्यावा आणि त्याची वीज मात्र त्याच इंजिनाकडून काढावी, यात काही हाशील नाही.

माझ्या मते जुन्या गाडीसाठी चांगला मार्ग वेगळा आहे. एसीची वीज गाडीकडून घेऊच नये. डिकीत एक स्वतंत्र लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठेवावी, 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची. वजन दहा-बारा किलो, साठा सव्वा किलोवॉट-तासाचा. रात्री घरच्या प्लगवर चार्ज करायची. दीड युनिटच्या आसपास वीज लागते. गाडीची उष्णता नीट अडवली असेल तर एवढ्यावर तास-सव्वा तास गारवा मिळतो, आणि आतली हवा गार झाल्यावर कॉम्प्रेसरचा वेग उतरला की त्याहून थोडा जास्त. रविवारी सकाळी आजीला देवदर्शनाला नेऊन आणायचं, लग्नाला जायचं, संध्याकाळी मरीन ड्राइव्हला चक्कर मारायची, एवढ्याला ते पुरतं. कोंडीत इंजिन मंद चालत असलं तरी गारवा कमी होत नाही. डायनामो, पट्टे, इंजिन, सगळं कारखान्यातून आलं तसं राहतं. सरकारने 2021 साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, मात्र तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. पद्मिनी हे नाव आलं 1974 मध्ये. त्या वेळच्या गाड्या आता पन्नाशी ओलांडत आहेत, तेव्हा पत्रा कापण्याआधी मालकाने याचा विचार करावा.

बॅटरीचं काम मात्र नेहमीच्या वायरमनच्या अंदाजावर सोडू नका. बॅटरीतलं संरक्षण सर्किट शंभर अँपिअर सलग देणारं हवं. तांब्याची वायर किमान 16, शक्यतो 25 चौरस मिलिमीटरची, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीच्या जुन्या वायरिंगमधून हा प्रवाह नेणं म्हणजे आग लावून घेणं आहे. पेट्रोलची टाकी आणि सायलेन्सर यांच्याजवळ बॅटरी नको.

उष्णता अडवण्याचं मी आत्ता म्हटलं. खरं तर हे काम एसीच्या आधी करायचं, आणि लोक नेमकं तेच टाळतात, कारण ते दिसत नाही. गालिचा उचला, खाली गंज असेल तर आधी पत्रा दुरुस्त करा. छताच्या कापडामागे, जमिनीवर आणि इंजिनाकडच्या पत्र्यावर नायट्राइल रबराच्या फोमचे थर लावा. दारांचं बीडिंग नवं घाला. पद्मिनीच्या पुढच्या दाराला ती छोटी त्रिकोणी काच असते. तिचं रबर सुकलेलं असतं आणि तिथून गरम हवा सारखी आत येते. ती फट बंद झाली की फरक हाताला कळतो. काचांना काळी फिल्म लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये तिला मनाई केल्यापासून तो वादाचा विषय आहे. उन्हात उभी गाडी सुरू केल्यावर पाच मिनिटं काचा खाली ठेवून तापलेली हवा आधी बाहेर जाऊ द्या. एवढं केलं तर अडीच किलोवॉटचं काम दीड-पावणेदोनवर येतं, आणि त्याच बॅटरीवर गाडी जास्त वेळ गार राहते.

मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या श्रोत्यांसाठी आणखी एक बाब. दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. एक लिटर पाणी कॉइलवर जमायला साधारण पाऊण किलोवॉट-तास उष्णता काढावी लागते. म्हणून बाहेरची हवा आत घेणं बंद ठेवा आणि कॉइलखालचा निचऱ्याचा पाइप नीट गाडीबाहेर काढा, नाहीतर ते पाणी गालिच्याखाली साचून पत्रा खाईल. नागपूर-चंद्रपूरकडे तापमान पंचेचाळीस अंशांवर जातं, पण हवा कोरडी असते. तिथे पाण्याचा भार नाही. तिथे कंडेन्सर मोठा हवा, कारण इतक्या तापलेल्या हवेत उष्णता टाकणं अवघड होतं. विजेचा कॉम्प्रेसर इंजिनाजवळच असायला हवा असं नसल्याने कंडेन्सरही रेडिएटरपुढेच हवा असं नाही. हवा खेळती असेल अशा दुसऱ्या जागी, स्वतःच्या पंख्यासह तो बसवता येतो, आणि इंजिन तापण्याचा प्रश्नच निघून जातो.

शेवटी गॅस आणि तेल. जुन्या एसीत आर-12 असे. ओझोनच्या थराला घातक म्हणून भारतात त्याचं उत्पादन 2008 मध्ये बंद झालं. आता आर-134ए घाला, आणि जुने होज, जुना ड्रायर वापरू नका. विजेच्या कॉम्प्रेसरची मोटर गॅस आणि तेलातच फिरते, म्हणून त्याला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरचं पीएजी तेल चुकून गेलं तर मोटरच्या वेटोळ्यांचं इन्सुलेशन बिघडतं, आणि मोठ्या व्होल्टेजच्या कॉम्प्रेसरमध्ये तर अंगावर बेतू शकतं. स्वस्त म्हणून कुणी ज्वलनशील वायूंचं मिश्रण भरू लागला तर त्याला ठाम नाही म्हणा. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवायला लावा, पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहतो का ते स्वतः उभं राहून बघा, आणि मग गॅस वजनकाट्यावर मोजून, संचावर लिहिलेल्या ग्रॅममध्ये भरून घ्या.