दात भरल्यानंतरचा पहिला तास



घराचा स्लॅब पडला की गवंडी त्यावर कित्येक दिवस पाणी मारीत राहतो; काँक्रीटला बळकटी येते ती या जोपासनेने. किडलेल्या दातात जे भरतात त्यालाही सिमेंटच म्हणतात. त्याची जोपासना मात्र निराळी आहे, आणि ती चुकली तर भरण अकाली झिजते वा निखळून पडते.

दंतवैद्यकात सर्वत्र परिचित असलेले ग्लास आयोनोमर सिमेंट लंडनच्या एका सरकारी प्रयोगशाळेत विल्सन व केंट या संशोधकांनी तयार केले. त्याची माहिती १९७२ साली दंतवैद्यांपुढे आली. विशिष्ट काचेची पूड पॉलिॲक्रिलिक आम्लात कालवली की काचेतील कॅल्शियम व ॲल्युमिनियम मोकळे होतात. कॅल्शियमचे बंध आधी जुळतात व मिश्रण काही मिनिटांतच घट्ट होते. ॲल्युमिनियमचे बंध सावकाश जुळतात आणि खरी ताकद येते ती त्यांच्यामुळे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकानुसार दाब सोसण्याची शक्ती चोवीस तासांनी मोजतात. ती किमान १०० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक हजार किलोग्रॅम, असावी लागते.

या अवधीत लाळ लागली तर न जुळलेले घटक विरघळतात व पृष्ठभाग मऊ पडतो. भरण कोरडे पडले तर त्याला भेगा जातात. दंतवैद्य वरून व्हॅसलीन किंवा वार्निश लावतात ते यासाठी. पूड वाचविण्याकरिता मिश्रण पातळ कालवणे ही तर निव्वळ खोटी काटकसर होय.

रेझीन मिसळलेले सिमेंट निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत कठीण होते. परंतु प्रकाश खोलवर पोचत नाही. थर सुमारे दोन मिलिमीटरहून जाड घेतला, अथवा दिवा दूर धरला, तर वरून टणक दिसणारे भरण तळाशी कच्चे राहते. साध्या सिमेंटला हा दिवा दाखवून तसा उपयोग नाही. उष्णतेने त्याची क्रिया थोडी वेग घेते, इतकेच.

वीज व यंत्राविना, केवळ हाताच्या अवजारांनी दात साफ करून हे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात टांझानियात सुरू झाली. खेड्यातील शाळांना ती सोयीची आहे. मात्र शिबिराची वेळ ठरविताना मुख्याध्यापकांनी मधल्या सुटीचा विचार अवश्य करावा. दात भरल्यावर निदान एक तास मुलाने काही खावयाचे नसते. तेव्हा मुलांना आधी जेवू घालून, चुळा भरवून मगच पुढे बसवावे. मोठ्यांनी त्या दिवशी सुपारी दुसऱ्या बाजूने चघळण्यापेक्षा ती घरीच ठेवावी.