डक्टमधली निळी वायर
(सोसायटीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी बजावलंय की लवकर आटपा, पावभाजी थंड होतेय. म्हणून थेट विषयावर येतो.

गेल्या पावसाळ्यात मागच्या गेटचा कॅमेरा रोज रात्री बंद पडायचा. दिवसा ठणठणीत. आपण काय केलं? वॉचमनकाकांना धरलं. ‘झोपता यावं म्हणून तुम्हीच बंद करता’, असं तोंडावर बोललो. बोलणाऱ्यांत मीही होतो. कॅमेरा बदलला, तरी तेच. शेवटी वायर सोलली, आतली तार ब्लेडने खरवडली, तर वर तांब्याचा नुसता मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम!

या कॅमेऱ्याला वीजही त्याच नेटवर्कच्या वायरीतून मिळते. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि करंट जास्त लागतो. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं. गेटपर्यंतच्या ऐंशीएक मीटरमध्ये व्होल्टेज इतकं पडायचं की कॅमेरा बंद. काकांचा काडीचाही दोष नव्हता.

हे आज सांगायचं कारण, रंगकामासाठी डक्ट उघडे आहेत आणि नवी वायर टाकायची कोटेशन्स आली आहेत. कॅट फाइव्ह-ई, कॅट सिक्स, सिक्स-ए, आणि एकाने तर कॅट एटसुद्धा सुचवलीय. सगळ्यांत तांब्याच्या आठच तारा, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. पीळ असतो तो शेजारच्या जोडीचा गोंगाट आपल्यात येऊ नये म्हणून. वेग वाढला की हा गोंगाट जास्त नडतो, म्हणून वरच्या कॅटमध्ये पीळ नेमका, मध्ये प्लास्टिकचा आडपडदा, कुठे फॉइल.

फाइव्ह-ई १ गिगाबिट १०० मीटर नेते. आज बहुतेक घरांना एवढं पुरे. सिक्स १० गिगाबिट नेते, पण जेमतेम ५५ मीटर. वायरींचा जुडगा घट्ट आवळलेला असेल तर त्याहून कमी. सिक्स-ए तेच पूर्ण १०० मीटर नेते, मात्र ती जाड आणि ताठ. आपल्या जुन्या पाइपांत ती वळवताना वायरमन रडेल. कॅट एट ४० गिगाबिटची खरी, पण फक्त ३० मीटर. ती डेटा सेंटरमधल्या कपाटांसाठी. आपल्याकडे ती म्हणजे दळण आणायला ट्रक!

माझं मत असं. मजल्यावरच्या बॉक्सपासून फ्लॅटपर्यंत कॅट सिक्स. हे अंतर आपल्याकडे कुठेच ५५ मीटरच्या जवळपासही जात नाही. दोन विंगांच्या मध्ये मात्र तांबं नकोच, फायबर टाका. विजा चमकल्या की तांब्यातून झटका येऊन दोन्हीकडची मशीनं जातात.

आणि ऑर्डरमध्ये ‘शुद्ध तांबं’ हे शब्द लिहून घ्या. कॅटच्या मानकांत मुलाम्याच्या तारेला जागाच नाही, तरी छापील नाव कॅट सिक्सच असतं. पेटी आली की उचलून बघा, संशय येण्याइतकी हलकी लागते. मग ब्लेड आहेच. फाइव्ह-ई खऱ्या तांब्याची असेल तर ती खोट्या सिक्सपेक्षा कधीही बरी.

वॉचमनकाकांची माफी मी गेटवर जाऊन मागितली. ते म्हणाले, “ते जाऊ द्या साहेब. तो पहिला कॅमेरा टाकून दिला नसेल तर परत लावा, त्यात नंबरप्लेट नीट दिसायची.”

तो माझ्याच माळ्यावर आहे. उद्या आणून देतो.