तर्रीतलं तेल आणि आपली लाल पेशी



आजचा प्रश्न साधा आहे. शेवभाजीची तर्री ओरपली, भरितावर तेल घेतलं, पुढं त्या तेलाचं रक्तात काय होतं? "चरबी वाढते" एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण रक्तातल्या पेशीही हे तेल वापरतात, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

तेल पचलं की त्यातून फॅटी ॲसिड सुटतात. ती पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून काही चरबीच्या बारीक कणांत बसून फिरतात, तर काहींना अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन वाहून नेतं.

पांढऱ्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, म्हणजे ऊर्जेच्या भट्ट्या. ती फॅटी ॲसिड जाळून ताकद मिळवू शकते. प्लेटलेट आपल्या आवरणातल्या ॲराकिडोनिक ॲसिडपासून थ्रॉम्बॉक्सेन बनवते आणि रक्त गोठायला मदत होते. ॲस्पिरिन नेमकं हेच काम अडवतं, म्हणून हृदयाच्या अनेक पेशंटना डॉक्टर ती गोळी देतात.

आता लाल पेशी. हिच्यात केंद्रकही नाही, भट्टीही नाही. ती फॅटी ॲसिड जाळूच शकत नाही, फक्त ग्लुकोजवर चालते. मग तिला तेल कशाला? तर कातडीसाठी! तिचं आवरण फॅटी ॲसिडचंच विणलेलं असतं. स्वतःपेक्षा अरुंद नळीतून तिला वाकून, दुमडून जावं लागतं. त्यात आवरणातलं एखादं फॅटी ॲसिड खराब झालं, की ती ते कापून टाकते आणि रक्तातून दुसरं घेऊन तिथं बसवते. गोधडीला ठिगळ लावावं तसं. नवं फॅटी ॲसिड तिला स्वतः बनवता येत नाही. जे रक्तात आलं, त्यातूनच ठिगळ.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे तिच्या आवरणात तुमच्या गेल्या काही महिन्यांच्या जेवणाचा हिशोब असतो. "आठ दिवसांत रक्त शुद्ध" म्हणणारं रील दिसलं, तर हा आकडा आठवा.

आपल्याकडं शेंगदाणा तेल चालतं, सरकीचं चालतं. दोन्हीत ओमेगा-३ जवळपास नाहीच. जवसाच्या तेलात मात्र निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं. म्हणजे आजीची जवसाची चटणी उगाच नव्हती! पण लाल पेशीच्या आवरणात बसणारे ईपीए आणि डीएचए हे प्रकार शरीर जवसापासून थोडेच बनवतं. माशांत ते तयार मिळतात.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे सिकलसेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या आदिवासी पाड्यांत हा आजार आहे. यात हिमोग्लोबिन बिघडलेलं असतं, पेशी विळ्यासारखी वाकते, नळीत अडकते, आणि पोरगं वेदनेनं तळमळतं. अशा पेशीचं आवरण लवकर खराब होतं, ईपीए-डीएचए त्यात कमी आढळतं, आणि पेशी १२० नाही, १० ते २० दिवसांतच मरते.

मग तेलानं फायदा होतो का? सुदानमध्ये सिकलसेलच्या पेशंटना वर्षभर ओमेगा-३ च्या कॅप्सूल दिल्या. २०१३ साली निकाल छापून आला, वेदनेचे झटके कमी झाले होते. आशा वाटावी असाच निकाल आहे. पण नीट ऐका: त्या मोजून दिलेल्या कॅप्सूल होत्या, चटणी नव्हती. आणि मूळ दोष हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये आहे, तो कुठल्याच तेलानं जात नाही. कुणी बाटली दाखवून "हायड्रॉक्सियुरिया बंद करा" म्हणालं, तर भो, ऐकू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही.

आणि लग्नाच्या वयाच्या मंडळींनो, सिकलसेलची तपासणी करून घ्या. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस बहुधा ठणठणीत दिसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा.

हा भाग गावाकडच्या ग्रुपवर टाका, विशेषतः पाड्यावरच्या मित्रांना. भेटू पुढच्या भागात. राम राम!