परसातलं झाड कोणाचं?

मैत्रिणींनो, सासरच्या परसात मी तीस वर्षं कढीपत्ता, तुळस, मरवा वाढवला. त्यातून शिकले ते सांगते. कढीपत्त्याला ऊन हवं. मुळाशी पाणी साचलं की तो कुजतो. एकेक पान ओरबाडू नका, डहाळी खुडा. तिथे नवे फुटवे येतात. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणी बेतानं घाला. तुळशीच्या मंजिऱ्या वेळीच खुडल्या तर ती डेरेदार होते. मरवा फांदीपासूनही येतो.

नवरा वारला आणि दिरांनी परस विकायला काढलं. ‘झाडं मी लावली’ म्हटलं, तर म्हणाले, ‘कागदावर नाव आहे का?’ मरव्याच्या चार फांद्या नि तुळशीचं बी पदरात बांधून मी भाड्याच्या खोलीत आले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या वाट्यात विधवेला मुलांइतकाच हिस्सा आहे, हे मला फार उशिरा कळलं. आता दावा लावला आहे.

खोलीच्या दारात डब्यांमध्ये मरवा पुन्हा फुटलाय. शेजारणी फांदी मागायला येतात. मी देते आणि विचारते, ‘बाई, घराच्या उताऱ्यावर तुझं नाव आहे का?’