ग्लुटेनवर्ज्य पाहुणचार : स्वयंपाकघरातील वेगळेपणाचा विचार

गहू चालत नाही असे पाहुण्याने कळवले की मराठी घरात पोळीऐवजी भाकरी करण्याचे ठरते आणि तेवढ्याने प्रश्न सुटला असे समजले जाते. पाहुण्याला सीलियाक हा आजार असेल, तर मात्र खरा प्रश्न तेथून सुरू होतो. भाकरीचे पीठ कोणत्या गिरणीत दळले, ज्या परातीत ते मळले तिच्यात सकाळी कणीक भिजवली होती काय, आमटीच्या फोडणीतला हिंग कशात कालवून तयार केला होता, अशा बारीक गोष्टींवर त्या पाहुण्याचे आरोग्य अवलंबून असते. ग्लुटेनवर्ज्य स्वयंपाकाला दुर्मीळ जिन्नस लागत नाहीत. त्याला कामाचा क्रम आणि वस्तूंचे वेगळेपण लागते, आणि या दोन्ही गोष्टी मराठी स्वयंपाकघराला परक्या नाहीत, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

ग्लुटेन हे गव्हातील प्रथिनांच्या एका गटाचे नाव असून जव आणि राय या धान्यांतही तशीच प्रथिने असतात. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो आणि पोळी न फाटता लाटली जाते, तो या प्रथिनांचाच गुण होय. सीलियाक हा स्वप्रतिकार विकार आहे, म्हणजे रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची यंत्रणा येथे स्वतःच्याच पेशींवर उलटते. ग्लुटेन पोटात गेले की लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात आणि अन्नरस शोषून घेण्याची आतड्याची शक्ती घटते. त्यातून जुलाब, पोटफुगी, रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा, मुलांची खुंटलेली वाढ असे परिणाम संभवतात. काहींना मात्र बाहेरून काहीच जाणवत नाही आणि आत इजा चालूच राहते. जगात साधारण शंभरांतील एकाला हा विकार असतो आणि आयुष्यभर ग्लुटेन पूर्ण वर्ज्य करणे हाच त्यावरचा उपाय आहे. निदान रक्ततपासणीने आणि आतड्याचा सूक्ष्म तुकडा तपासून होते. त्यापूर्वीच गहू सोडला तर तपासणीचे निष्कर्ष फसवे येऊ शकतात, म्हणून केवळ संशयावरून आहार बदलणे इष्ट नाही.

लंडनचे वैद्य सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या आजाराचे स्पष्ट वर्णन प्रसिद्ध केले आणि तो बरा होणार असेल तर आहारानेच होईल असे मत मांडले. परंतु आहारातील नेमका कोणता पदार्थ दोषी, हे कळायला आणखी सहा दशके जावी लागली. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाविषयीचा संशय १९३० च्या दशकातच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन अंमलाखालील त्या देशात पावाचा दुष्काळ पडला असताना, आलेल्या अनुभवाने तो संशय बळावला आणि १९५० साली युट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात डिके यांनी तो सिद्ध केला. ज्या अन्नाला सारे जग पोषक मानत होते तेच काही मुलांना क्षीण करत होते, हा त्या शोधाचा अर्थ होता, आणि ‘एवढ्याशाने काय होते’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक यजमानाने तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

‘एवढेसे’ म्हणजे नेमके किती, याचेही उत्तर उपलब्ध आहे. एका मध्यम पोळीला सुमारे ३० ग्रॅम कणीक लागते असे धरले, तर तिच्यात साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे २५०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास आतड्याच्या अस्तराला इजा होते असे दिसून आले. हे प्रमाण एका पोळीच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके आहे. रोज १० मिलिग्रॅमच्या आत राहिल्यास बहुतेकांना धोका नसतो असे मानले जाते आणि याच विचारातून ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये ही मर्यादा ठरली असून भारतातील अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही ती स्वीकारली आहे. ग्लुटेन हा जंतू नव्हे, त्यामुळे उकळल्याने, भाजल्याने किंवा तळल्याने तो मरत नाही. ज्या तेलात मैद्याच्या करंज्या तळल्या त्याच तेलात साबुदाणेवडे सोडले, तर उपवासाला चालणारा तो पदार्थ या पाहुण्याला चालत नाही.

पोळी, शिरा, शेवया, लापशी यांतला गहू उघड दिसतो, पण मराठी स्वयंपाकघरात तो अनेक ठिकाणी न दिसता वावरतो. बाजारात मिळणारा हिंग सहसा शुद्ध नसतो. झाडाचा तीव्र वासाचा चीक डिंक आणि पिठात कालवून तो बांधलेला असतो आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे असते, त्यामुळे चिमूटभर हिंगाने सबंध पातेले वर्ज्य होऊ शकते. मेतकुटात डाळींबरोबर भाजलेला गहू पडतो, थालिपिठाच्या भाजणीत तो बहुधा असतो, सातूच्या पिठातही असतो, आणि वाळवणांपैकी तांदळाच्या पापड्या चालत असल्या तरी कुरडया गव्हाच्या चिकाच्या असल्याने चालत नाहीत. उकडीच्या मोदकाची पारी फाटू नये म्हणून काही घरांत उकडीत थोडा मैदा घालतात. खपली गहू पचायला हलका मानला जातो म्हणून तो चालेल असा समज आढळतो, परंतु खपली हाही गहूच असून त्यात ग्लुटेन असते.

याहून कठीण प्रश्न गिरणीचा आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई आणि राजगिरा यांत स्वभावतः ग्लुटेन नसते. पण ज्या गिरणीत दिवसभर गव्हाची दळणे पडतात तेथे चक्कीच्या दगडांत, पिठाच्या पिशवीत आणि हवेत कणीक भरून राहिलेली असते, आणि ज्वारीच्या दळणात ती मिसळल्याशिवाय राहत नाही. धान्य निवडून, धुऊन, वाळवून गहू कधीच न दळलेल्या घरघंटीवर दळणे हा यावरचा उत्तम मार्ग होय. ती सोय नसेल तर पिठाचा नादच सोडून अखंड धान्याकडे वळावे. तांदूळ नीट निवडून, धुऊन, रात्रभर भिजत घालून घरच्याच मिक्सरमध्ये वाटले, तर घावन होतात, आणि उडदाची डाळ जोडीला घेऊन आंबवले तर इडली होते. या वाटेत गिरणी येतच नाही. वरण-भात, जिऱ्या-कढीपत्त्याची बिनहिंगाची फोडणी दिलेली बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, सोलकढी, घावन आणि नारळीभात एवढ्याने ताट भरते, आणि त्यात आजारी माणसाचे पथ्य कोठेच दिसत नाही.

जिन्नस ठरल्यावर साधनांचा विचार येतो. स्टीलची पातेली आणि पराती साबणाने घासून वाहत्या पाण्यात धुतल्या की स्वच्छ होतात. परंतु लाकडी पोळपाट-लाटण्याच्या रेषांत, पिठाच्या चाळणीच्या जाळीत आणि बिडाच्या तव्याच्या खरखरीत पृष्ठभागात कणीक अडकून राहते, म्हणून या वस्तू वेगळ्याच असाव्यात. परातीत भाकरी थापताना हाताखाली जी पिठी भुरभुरली जाते ती सवयीने कणकेच्या डब्यातून घेतली गेली, तर ज्वारीचे निर्भेळ पीठ मिळवण्याचे सारे कष्ट वाया जातात. पाहुण्याचा स्वयंपाक कणीक भिजवण्यापूर्वी, पुसलेल्या ओट्यावर आणि धुतलेल्या फडक्याने करावा, आणि तो झाकून बाजूला ठेवल्यावरच इतरांच्या पोळ्यांना हात घालावा. पोळी मोडलेल्या हाताचा चमचा तुपाच्या वाटीत किंवा लोणच्याच्या बरणीत गेला की कण तेथेही पोहोचतात; त्यासाठी पाहुण्याचे तूप, लोणचे आणि चटणी आधीच वेगळ्या वाट्यांत काढावी आणि प्रत्येक पातेल्याला स्वतःचा डाव ठेवावा. पाकीटबंद जिन्नस आणल्यास वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी आणि सोया सॉस, माल्टयुक्त पेये व साधे ओट्स यांविषयी विशेष सावध राहावे.

या साऱ्या खबरदारीचा शेवट पंक्तीत वाढताना होतो. आग्रह हे मराठी पाहुणचाराचे भूषण मानले जाते, पण सीलियाक असलेल्या माणसाच्या ताटात सत्यनारायणाच्या शिऱ्याचा घास ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ असे सांगून ठेवणे म्हणजे त्याला आरोग्य आणि भिडेमुरवत यांतील एकाची निवड करायला लावणे होय. अशा वेळी केळे किंवा खडीसाखर प्रसाद म्हणून आधीच वेगळी ठेवलेली असावी. काय चालते हे पाहुण्याला दोन दिवस आधी विचारावे, काय काय घातले आहे ते न विचारता सांगावे, आणि एखाद्या पदार्थाविषयी शंका राहिली असेल तर तो वाढूच नये. चूक लक्षात आल्यास ती लपवू नये.

स्वयंपाकघरातील वेगळेपण मराठी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहे. उपवासाची भांडी निराळी ठेवणे, सोवळ्यातल्या पाण्याला इतरांचा हात लागू न देणे, कशाला काय लागले याची नोंद मनात ठेवणे ही दक्षता त्याला अवगत आहे. त्या दक्षतेचा उपयोग अनेकदा माणसाला पंक्तीबाहेर ठेवण्यासाठी झाला, हा इतिहास विसरता येणार नाही. ग्लुटेनवर्ज्य स्वयंपाकात तीच दक्षता नेमक्या उलट हेतूने वापरायची असते, कारण येथे भांडे वेगळे ठेवले जाते ते माणूस वेगळा पडू नये म्हणून. ज्याला लग्नाकार्यात घरचा डबा नेऊन कोपऱ्यात खावे लागते, त्याला सर्वांबरोबर निर्धास्तपणे जेवता येणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे, आणि एखाद्या धुतलेल्या परातीने व थोड्या पूर्वतयारीने ते साधत असेल, तर तेवढी तसदी घेणे हे प्रत्येक यजमानाचे कर्तव्यच ठरते.