पुस्तकविक्रेत्याचा शब्द



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका आलीच असेल. कोणते पुस्तक वाचावे हे टीकाकाराने सांगावे, शिक्षकाने सांगावे. विक्रेत्याने सांगावे हे कसे? आपली बोरे आंबट आहेत असे कोणत्या बोरवालीने आजवर सांगितले आहे काय? शंका रास्त आहे आणि तिला बगल देण्याचा आमचा विचार नाही. ज्याचा माल खपायचा आहे त्याच्या शिफारशीवर विश्वास केव्हा ठेवावा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

त्यासाठी प्रथम आपण जपानात जाऊ. तेथील पुस्तकांच्या दुकानांत पुस्तकाशेजारी हाताने लिहिलेली लहानशी चिठ्ठी लावण्याची पद्धत आहे. दुकानातील एखाद्या सेवकाने पुस्तक वाचलेले असते, ते त्याला का आवडले हे तो दोन-चार ओळींत लिहितो. टेरी के या अमेरिकन लेखकाची एक कादंबरी आहे. पत्नीच्या निधनानंतर एकटा राहिलेला म्हातारा आणि त्याच्याकडे येणारा एक पांढरा कुत्रा, एवढाच तिचा विषय. तिची जपानी आवृत्ती निघाली तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. पुढे २००१ साली तोक्योजवळच्या नाराशिनो येथील एका दुकानात अशी एक चिठ्ठी लागली आणि पुस्तक तेथे खपू लागले. ते पाहून प्रकाशकाने ती शिफारस इतर दुकानांपर्यंत पोहोचवली आणि त्या पुस्तकाच्या लाखो प्रती गेल्या. एका वाचलेल्या माणसाने दुसऱ्याला मनापासून सांगितले, त्याचे हे फळ.

पुढे जानेवारी २००३ मध्ये तेथील नाओकी या प्रतिष्ठित पारितोषिकाला एकही पुस्तक पात्र ठरले नाही. तेव्हा दुकानांत काम करणारी मंडळी म्हणू लागली की, ‘वाचकाच्या हातात द्यावे असे पुस्तक आम्हांला रोज दिसते, मग आम्हीच का निवडू नये?’ त्यातून २००४ साली पुस्तकविक्रेत्यांचे पारितोषिक सुरू झाले. पहिला मान योको ओगावा यांच्या कादंबरीला मिळाला. ज्याची स्मृती केवळ ऐंशी मिनिटे टिकते असा एक गणिती, त्याच्या घरी काम करणारी बाई आणि तिचा लहान मुलगा यांची ती कथा आहे.

या पारितोषिकाचा नियम मात्र नीट ऐकण्यासारखा आहे. मत देण्याचा अधिकार नव्या पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्यालाच. मग तो अर्धवेळ का काम करीना. पहिल्या फेरीत प्रत्येकाने तीन पुस्तके सुचवायची. त्यांतून दहा निवडली जातात. दुसऱ्या फेरीत मत द्यायचे असेल तर ती दहाही पुस्तके वाचली पाहिजेत आणि आपली शिफारस का, हेही लिहून दिले पाहिजे. ‘मी वाचले आहे’ या तीन शब्दांवर ती सारी इमारत उभी आहे.

आता याही पद्धतीवर टीका झाली आहे. आधीच खपणाऱ्या पुस्तकांनाच मते मिळतात, असे पुष्कळ जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. शंभर दुकानदारांचे एकमत झाले की ते बहुधा सर्वांना ठाऊक असलेल्या नावावरच होणार. म्हणून आम्हांला त्या पारितोषिकापेक्षा ती एकट्याची चिठ्ठीच मोलाची वाटते.

परंतु चिठ्ठी लिहिणारा जगला पाहिजे! फ्रान्सने याचा विचार कायद्याने केला. १० ऑगस्ट १९८१ चा तेथील कायदा नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि विक्रेत्याने पाच टक्क्यांपेक्षा अधिक सूट देऊ नये असे सांगतो. त्यामुळे पुस्तक कोठेही घ्या, किंमत जवळजवळ तीच. मग गिऱ्हाईक कोणत्या दुकानात जाईल? जेथे त्याला नीट सल्ला मिळेल तेथे. आपल्याकडे असा कायदा नाही. छापील किमतीच्या खाली कोणी कितीही उतरावे.

सूट वाईट असे आमचे म्हणणे नाही. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड चित्रपटगृहाच्या आवारात पुस्तकांचा छोटा ठेला मांडला. त्यांनी सूटही दिली आणि माणसेही जोडली. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुस्तके विकणाऱ्याला हा मान मिळावा, यातच त्या धंद्याची थोरवी आली. तेच स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झाले.

आता एक कबुली. आमच्या गावात एक लहानसे दुकान होते. तरुणपणी तत्त्वज्ञानाचा एक जाडजूड, महागडा ग्रंथ घेण्यासाठी आम्ही तेथे गेलो. मालकांनी तो काढून समोर ठेवला आणि म्हणाले, ‘‘हा आज घेऊ नका. वीस पाने वाचून ठेवून द्याल. वाचनालयात आहे, आधी तेथून न्या. जमला तर या, मी ठेवून देतो.’’ आणि एक लहानसे पुस्तक हातात दिले. त्या दिवसापासून त्यांचा शब्द आम्ही मानू लागलो, कारण विक्री बुडवून त्यांनी तो दिला होता.

पुढे काय झाले? पुढे पुस्तके घरबसल्या, स्वस्तात मिळू लागली. आम्ही त्यांच्याकडे जात असू, तासभर बोलत असू, पुस्तकाचे नाव टिपून घेत असू, आणि घरी येऊन ते दुसरीकडून मागवीत असू. वाचवलेले साठ-सत्तर रुपये म्हणजे आपला शहाणपणा, असे वाटे. एके दिवशी दुकानाला कुलूप दिसले. एकट्या आमच्यामुळे ते बंद पडले नाही, हे खरे. परंतु आमच्यासारखे किती होते, याचा हिशेब कोणी मांडावा? आजही पुस्तके येतात, सूट मिळते, ‘हे घेतले तर तेही घ्या’ असे यंत्र सुचवते. ‘हे घेऊ नका’ असे मात्र त्याने आम्हांला अजून सांगितलेले नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : ज्याने स्वतः वाचले आहे, जो आपल्याला ओळखतो आणि प्रसंगी ‘नको’ म्हणतो, त्या विक्रेत्याच्या शब्दावर खुशाल विश्वास ठेवावा. असे दुकान आपल्या गावात असेल, तर या आठवड्यात तेथे जा, ‘तुम्ही अलीकडे काय वाचले?’ असे विचारा, आणि त्यांनी सांगितलेले पुस्तक तेथेच विकत घ्या. ज्याला विचारले त्याच्याकडूनच घ्यावे, हा साधा व्यवहार आहे. तो आम्हांला उशिरा कळला. आपणांस वेळेवर कळावा, एवढ्यासाठी हे बोललो.